विंचवाचे कंगवे आणि गवती चहाचे तेल : जुन्या घरात वनस्पतीजन्य प्रतिकर्षक वापरण्यापूर्वी

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे किंवा फोंडा या तालुक्यांतील जुन्या चिऱ्यांच्या घरांत जे लहानाचे मोठे झाले, त्यांना मृगाचा पाऊस आणि विंचू यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. जमिनीत पाणी मुरून बिळे भरली की विंचू कोरड्या जागेच्या शोधात निघतात आणि जोत्याच्या फटीतून, न्हाणीच्या मोरीतून किंवा उंबरठ्याखालून घरात येतात. गावातले जुने घर नव्याने घेणारी माणसे मात्र पहिल्या पावसातच घाबरून जातात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो की घराभोवती कोणते तेल शिंपडावे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तेलाचे नाव मी सांगणारच आहे. पण ते तेल विंचवाच्या शरीरात नेमके कुठे लागू पडते हे समजल्याशिवाय ते कुठे लावावे आणि कधी लावू नये हे कळत नाही, आणि या कामात खरी चूक तिथेच होते.

ती चूक मी स्वतः केली आहे. परसात नारळाच्या सोडणांचा मोठा ढीग होता आणि त्यात विंचू असल्याची खात्री होती, म्हणून एका संध्याकाळी मी गवती चहाचे तेल त्या ढिगावर भरपूर शिंपडले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरच्या कड्याला लागून, तांबडा विंचू बसलेला आईला दिसला. तेलाने आपले काम चोख केले होते. ज्या जागेतून विंचवाला हलवायला नको होते, तिथून त्याला मी हलवले होते, आणि त्याला जाण्यासाठी कोरडी जागा म्हणजे आमचे घर एवढीच उरली होती.

पहिली पायरी : समोर कोणता विंचू आहे ते ओळखा

आपल्या भागात ज्याच्यापासून जपायचे तो तांबडा विंचू. त्याचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. रंग तांबूस-पिवळट ते तपकिरी, चिमटे बारीक आणि त्यामानाने शेपूट जाड. दुसरा काळा, निळसर झाक असलेला, आकाराने बराच मोठा, ज्याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात. त्याचे चिमटे जाडजूड आणि शेपूट बारीक असते. तो दिसायला भयंकर असला, तरी त्याचा दंश सहसा वेदनेवर निभावतो. बारीक चिमटे व जाड शेपूट असेल तर विषावर भिस्त, जाड चिमटे व बारीक शेपूट असेल तर ताकदीवर भिस्त, हा ढोबळ नियम नवख्या माणसाने लक्षात ठेवावा. मात्र त्याच्या भरवशावर कोणताही विंचू हातात घेऊ नये.

दुसरी पायरी : विंचू जग कशाने ओळखतो ते समजून घ्या

डासाला किंवा झुरळाला मिशांसारख्या शृंगिका असतात आणि वास घेण्याचे काम मुख्यतः त्यांच्याकडे असते. विंचू कीटक नाही. तो कोळ्यांच्या वर्गातला, आठ पायांचा प्राणी आहे आणि त्याला शृंगिका नसतात. त्याला डोळे असतात, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे बारीक तपशील फारसा दिसत नाही. चिमट्यांवरचे लांब, नाजूक केस हवेची हालचाल टिपतात. पायांच्या सांध्याजवळ असलेल्या सूक्ष्म चिरांना जमिनीतली कंपने कळतात. अमेरिकेतल्या वाळवंटी विंचवांवर 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे अर्ध्या मीटरवर वाळूखाली वळवळणारे भक्ष्य विंचू या कंपनांवरून शोधतो असे दिसून आले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अवयव त्याच्या पोटाखाली, शेवटच्या पायांच्या जोडीमागे असतो. तिथे दोन कंगवे असतात. विंचू चालताना ते जमिनीकडे झुकवतो आणि पुन्हापुन्हा जमिनीला टेकवत पुढे जातो. या कंगव्यांच्या प्रत्येक दात्याच्या खालच्या बाजूला अतिसूक्ष्म खुंट्यांची दाटी असते. प्रत्येक खुंटीच्या टोकाला एक बारीक फट असते आणि आत दहा किंवा त्याहून अधिक संवेदी चेतापेशींची टोके येऊन थांबलेली असतात. त्यांपैकी एखादी स्पर्श ओळखते आणि बाकीच्या रसायने ओळखतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर विंचू पोटाखालच्या कंगव्याने जमीन चाखत चालतो. नराचे कंगवे मादीपेक्षा मोठे असतात, कारण मादीने जमिनीवर सोडलेली रासायनिक खूण त्याला शोधायची असते. पायांच्या टोकांवरही चव ओळखणारे केस असतात.

प्रयोगशाळेत या पेशींचे बोलणे ऐकण्याची रीत अशी आहे. विंचवाला काचपट्टीवर उताणा ठेवून हळुवारपणे स्थिर करतात, टंगस्टनची अतिशय बारीक सुई एका खुंटीच्या मुळाशी टोचतात आणि पेशीतून निघणारे विद्युत्-स्पंद प्रवर्धकाद्वारे संगणकावर नोंदवतात. काहीही समोर नसतानाही या पेशी अधूनमधून स्पंद देतच असतात. मग एखाद्या द्रव्याची वाफ खुंटीच्या टोकाजवळ नेली, की काही पेशींचे स्पंद एकदम वाढतात, काहींचे मंदावतात, आणि वाफ जितकी तीव्र तितका फरक मोठा होतो. मात्र ही वाफ अगदी जवळ, खुंटीच्या टोकापाशी न्यावी लागते. म्हणूनच घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या सुगंधी दिव्यावर किंवा खोलीभर पसरणाऱ्या वासावर माझा विश्वास नाही. तेल विंचू चालेल त्या पृष्ठभागावरच असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवख्यांनी नीट समजून घ्यावी. पेशीने स्पंद दिले म्हणजे विंचू पळाला असे होत नाही. भक्ष्याच्या किंवा मादीच्या खुणेलाही ती स्पंद देतेच. त्यामुळे दुसरी चाचणी वागणुकीची करावी लागते. गोल भांड्याच्या तळाशी कागद घालून अर्ध्या भागावर द्रव्य आणि उरलेल्या अर्ध्यावर ते द्रव्य ज्यात मिसळले होते तो नुसता द्रावक लावतात, अंधारात विंचू सोडतात आणि तो कोणत्या बाजूला किती वेळ थांबतो ते मोजतात. बाजू दर वेळी बदलतात आणि भांडे धुतात, कारण आधीच्या विंचवाचा मागही पुढच्याला कळतो. चेतापेशी आणि वागणूक या दोन्ही साक्षी जुळल्या, तरच त्या द्रव्याला प्रतिकर्षक, म्हणजे प्राण्याला दूर सारणारे द्रव्य, म्हणता येते.

तिसरी पायरी : वनस्पतीतले द्रव्य चेतापेशीत काय करते

गवती चहात सिट्रल असते, सिट्रोनेला गवतात सिट्रोनेलाल, पुदिन्यात मेंथॉल, लवंगेत युजेनॉल (तुळशीच्या अनेक वाणांतही ते असते), दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड आणि निलगिरीत सिनिओल. झाडांनी ही द्रव्ये माणसाच्या सोयीसाठी केलेली नाहीत. पाने कुरतडणाऱ्या किड्यांच्या चेतासंस्थेला त्रास व्हावा म्हणून ती घडत आली आहेत. आपल्या कुळागरात सुपारीच्या सावलीत दालचिनीचे पान चुरगळल्यावर जो वास येतो, तो त्या झाडाच्या संरक्षणाचा वास आहे.

या द्रव्यांचा परिणाम एकाच मार्गाने होत नाही. चेतापेशीच्या आवरणात आयन-वाहिन्या असतात. त्या उघडल्या की विद्युतभारित कण आतबाहेर होतात आणि स्पंद निर्माण होतो. त्यांपैकी टीआरपीए-1 नावाची वाहिनी दाहक, झोंबणाऱ्या द्रव्यांची सूचना देते. सिट्रोनेलाल फळमाशीतील व डासातील ही वाहिनी उघडते असे 2010 मध्ये दाखवले गेले, आणि 2021 मध्ये मांजरांना आवडणाऱ्या कॅटनिप या वनस्पतीतले नेपेटालॅक्टोनही डास व माशांत याच वाहिनीमार्फत काम करते हे सिद्ध झाले. हे प्रयोग कीटकांवरचे आहेत, पण या कुळातल्या वाहिन्या प्राणिसृष्टीत फार प्राचीन आहेत. मोहरी झोंबते तेव्हा आपल्या शरीरातही टीआरपीए-1 वाहिनीचेच भावंड काम करत असते. याउलट, कीटकांच्या शृंगिकांत वास ओळखणारे जे खास ग्राहक, म्हणजे वासाचे कण पकडणारे रेणू, असतात, ते कोळी-विंचवांच्या वर्गात मुळातच नाहीत. त्यामुळे डासांवर चालणारे प्रत्येक औषध विंचवावर चालेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जे द्रव्य केवळ वास म्हणून नव्हे, तर झोंबणारे म्हणून काम करते, त्याच्याकडून विंचवाच्या बाबतीत अधिक अपेक्षा ठेवावी.

दुसरा मार्ग ऑक्टोपामिनचा. आपल्या शरीरात अ‍ॅड्रेनालिन जे काम करते, साधारण तसे काम संधिपाद, म्हणजे कीटक, कोळी, विंचू अशा सांधेदार पायांच्या, प्राण्यांत ऑक्टोपामिन करते आणि युजेनॉलसारखी द्रव्ये झुरळांत या यंत्रणेत ढवळाढवळ करतात हे माहीत झाले आहे. तिसऱ्या प्रकारात शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणारी पायरेथ्रिने येतात. ती चेतापेशीतील सोडियमच्या वाहिन्या उघड्याच ठेवतात, पेशी थांबेनाशी होते आणि कीटक लुळा पडतो. हे मात्र दूर सारणे नव्हे, विष घालणे झाले. विंचवाचे कवच मेणचट आणि चयापचय मंद असल्यामुळे तो अशा विषाला पुष्कळ काळ दाद देत नाही, आणि अर्धमेल्या अवस्थेत तो कुठेही भरकटतो.

विंचवाचे स्वतःचे विषही याच वाहिन्यांवर घाव घालते. तांबड्या विंचवाच्या विषातून वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमची एक वाहिनी नेमकी बंद करते आणि 1990 पासून जगभरच्या प्रयोगशाळा ते चेतापेशींच्या अभ्यासासाठी वापरत आल्या आहेत. ज्या भाषेत विंचू आपल्या चेतापेशींवर हल्ला करतो, त्याच भाषेत झाड त्याला दूर राहायला सांगते, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटत आली आहे.

चौथी पायरी : टॉर्च हातात घेण्याआधी दंशाची तयारी करा

तांबड्या विंचवाचा दंश झाल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसले, तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाटच पाहू नये. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये आणि विष उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जवळचे आरोग्य केंद्र गाठावे, गरज पडल्यास तिथून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पाठवणी होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर रुजवले, त्यासाठी त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रतिविषही आता उपलब्ध आहे. दंशावर उपचार आहेत, फक्त वेळ दवडता कामा नये.

पाचवी पायरी : रात्री मोजणी करा

विंचवाच्या कवचातील काही द्रव्यांमुळे तो अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. 365 ते 395 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च ऑनलाइन सहज मिळते. पूर्ण बूट घालून, सोबत कोणीतरी घेऊन, अंधार पडल्यावर तासाभराने घराला एक फेरी मारावी. टॉर्च डोळ्यांवर मारू नये. चिऱ्यांच्या गडग्यावर जे दिसते ते पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो: दिवसा रिकाम्या वाटणाऱ्या जांभ्याच्या भोकातून दोन चमकदार चिमटे बाहेर डोकावत असतात. नुकतीच कात टाकलेला विंचू फारसा चमकत नाही, त्यामुळे काहीच दिसले नाही म्हणजे काहीच नाही असे समजू नये. एखादी मादी पाठीवर पांढुरकी पिल्ले घेऊन बसलेली आढळली, तर तिला मुळीच डिवचू नका. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण शब्दशः खरी आहे आणि डिवचले की ते बिऱ्हाड विखुरते.

घराचा साधा नकाशा काढून जिथे विंचू दिसला तिथे फुली मारा. निदान सात रात्री हे करा. फुल्या बहुधा दोन-तीन जागांभोवतीच जमतात: सोडणांचा ढीग, सरपणाची रास, वापरात नसलेली कौले, न्हाणीमागची ओल.

सहावी पायरी : तेलाआधी ढीग, ढिगाआधी फटी

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम आतल्या फटी बुजवा. लहान विंचवाला काही मिलिमीटरची फट पुरते. जोत्याच्या चिऱ्यांमधला गिलावा गवंड्याकडून भरून घ्या, दारांना खाली रबराची पट्टी लावा, मोरीला बारीक जाळी बसवा. गुळगुळीत चकचकीत फरशीवर विंचवाला सहसा चढता येत नाही, म्हणून जोत्याला वीतभर उंचीची अशी पट्टी लावणे हा कोणत्याही तेलापेक्षा टिकाऊ उपाय आहे. त्यानंतर, घर बंद झाल्यावर, दिवसाउजेडी लांब दांड्याच्या पंजाने परसातले ढीग घरापासून दूर हलवा आणि मगच तेलाचा विचार करा. ढिगावर तेल कधीही शिंपडू नका. त्याचे कारण वर सांगितलेच आहे.

सातवी पायरी : मिश्रण आणि त्याची जागा

सुरुवातीला मी गवती चहाचे तेल सुचवतो, कारण ते स्वस्त आहे आणि त्यातला सिट्रल झोंबणारा आहे. पाच मिलिलीटर तेल पंचाण्णव मिलिलीटर खोबरेल तेलात मिसळावे. पाण्यात ते मिसळत नाही आणि नुसते लावले तर काही तासांत उडून जाते. खोबरेल त्याचे उडणे लांबवते. या मिश्रणात काथ्याचा सुंभ भिजवावा, निथळू द्यावा आणि बाहेरच्या उंबरठ्यालगत व मोरीभोवती, जमिनीला पूर्ण टेकेल असा ठेवावा. सुंभ वळचणीखाली असावा. पागोळ्यांत भिजला की एका रात्रीत निरुपयोगी होतो. विंचू रात्री फिरतो, म्हणून तेल संध्याकाळी लावावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा.

मी अशा सुंभाजवळ टॉर्च दूर धरून एकदा बराच वेळ थांबलो होतो. एक मध्यम विंचू जोत्याच्या कडेने सरळ आला, सुंभापासून चार बोटांवर थबकला, पुढचे पाय उचलून पुन्हा टेकवले, मग कंगवे खाली घेतले आणि जणू चटका बसल्यासारखा मागे सरून बाजूने निघून गेला. दुसऱ्या प्रसंगी मात्र तीन दिवसांचा जुना सुंभ एकाने सहज ओलांडला. चेतापेशींचा सर्वसाधारण गुणच असा आहे की उत्तेजन मंद आणि सततचे झाले की त्या त्याला सरावतात. नव्याने येणाऱ्याला रेषा अडवते, तिच्या शेजारीच मुक्काम केलेल्याला ती तितकी जाणवत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ही तेले पेट घेतात, म्हणून देवघर व चूल यांपासून दूर ठेवावीत. मांजरांच्या यकृताला यांतली अनेक द्रव्ये पचवता येत नाहीत. घरात मांजर असेल तर लवंग आणि दालचिनीचे तेल वापरूच नये आणि सुंभ तिच्या वाटेत ठेवू नये. निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची आपल्याकडे रीत आहे, पण ते कातडी भाजते. उंबरठ्यावर त्याला जागा नाही. डांबरगोळ्या वनस्पतीजन्य नाहीतच आणि त्यांची वाफ मुलांना अपायकारक असते.

आठवी पायरी : उपयोग होतो आहे का ते तपासा

घराच्या एकाच बाजूला तेलाचा सुंभ आणि समोरच्या बाजूला नुसत्या खोबरेलात भिजवलेला सुंभ ठेवा. नुसत्या खोबरेलाचा सुंभ आवश्यक आहे, कारण विंचू सुंभाच्या खरखरीतपणालाच टाळत असेल, तर ते श्रेय गवती चहाला जाता कामा नये. सात रात्री दोन्ही बाजूंच्या फुल्या मोजा, मग सुंभांची अदलाबदल करा आणि आणखी सात रात्री मोजा. पहिल्या आठवड्यात तेलाच्या बाजूला कमी फुल्या असतील आणि अदलाबदलीनंतर त्या फुल्याही बाजू बदलतील, तर तेलाचा उपयोग झाला असे मानायला आधार मिळतो. फुल्या जागच्या जागी राहिल्या, तर त्या बाजूला ओल, किडे किंवा न बुजवलेली फट आहे. तेलाचे प्रमाण वाढवण्याऐवजी ती शोधा. वहीत तारीख, पाऊस आणि चंद्राची स्थिती लिहा, कारण लख्ख चांदण्यात बऱ्याच जातींचे विंचू कमी बाहेर पडतात आणि पौर्णिमेच्या आठवड्याची तुलना अमावस्येच्या आठवड्याशी करता येत नाही. आषाढात सलग पाऊस लागला की बाहेरची मोजणी थांबवा, आतल्या उंबरठ्यांवर रोज नजर ठेवा, आणि चवथीच्या सुमारास उघडीप मिळाली की नवा सुंभ भिजवून पहिल्या रात्रीपासून पुन्हा मोजायला लागा.